पत्ता दिसावा, पण वेचला जाऊ नये

“वेबसाइटवर ईमेल पत्ता टाकला की दोन-चार आठवड्यांत कचरा मेल यायला लागतात. नाही टाकला, तर नवी एन्क्वायरी येणार कुठून?”

भोसरीच्या एमआयडीसीत छोटी शेड असलेले उद्योजक हा प्रश्न विचारतात, आणि चाकणला महाळुंगे, खराबवाडी, निघोजे या भागात बसलेले पुरवठादारही विचारतात. प्रश्न रास्त आहे. या पट्ट्यातले हजारो लघुउद्योग मोठ्या वाहन कंपन्यांना किंवा त्यांच्या व्हेंडरांना सुटे भाग पुरवतात. शेडच्या फाटकावर पाटी लावून त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. जर्मनीतला किंवा गुरुग्राममधला एखादा परचेस ऑफिसर इंटरनेटवर शोध घेतो, पाच-सहा वेबसाइटी उघडतो आणि ड्रॉइंग जोडून एक मेल टाकतो. त्या एका मेलमधून पुढे वर्षानुवर्षांचे काम उभे राहू शकते. त्यामुळे ‘पत्ता काढून टाका’ हा सल्ला देणे सोपे असले तरी कारखानदाराला तो परवडत नाही.

पत्ता माणसाला सहज दिसेल, यंत्राला सहज उचलता येणार नाही आणि उचललाच तर त्यातून मोठे नुकसान होणार नाही, अशी व्यवस्था करता येते. त्यासाठी आधी पत्ता उचलला जातो कसा, ते पाहू.

१. उचलणारा कोण असतो?

आपली वेबसाइट एखादा माणूस बसून वाचतो आणि पत्ता वहीत टिपून घेतो, असे सहसा होत नाही. हे काम छोटे प्रोग्राम करतात. त्यांना हार्वेस्टर म्हणतात, म्हणजे पत्ते वेचणारे. असा प्रोग्राम एक पान उघडतो, त्यातल्या सगळ्या लिंका गोळा करतो, त्या उघडतो, त्यांतल्या लिंकांवर जातो. रात्रंदिवस हे चालू असते. गूगलसारखी शोधयंत्रेही अशीच फिरतात, पण ‘या पानावर येऊ नका’ अशी सूचना साइटवर ठेवली तर ती पाळतात. वेचणारे प्रोग्राम ती पाळत नाहीत.

पान उघडल्यावर तो प्रोग्राम मजकूर समजून घेत नाही. वर्कशॉपमध्ये झाडलोट झाल्यावर केरावरून मॅग्नेट फिरवतात, तसे हे आहे. अॅल्युमिनियमच्या चिप्स, चिंध्या, माती सगळे खाली राहते आणि लोखंड तेवढे चिकटून वर येते. मॅग्नेटला लोखंड कोणत्या जॉबचे होते याच्याशी देणेघेणे नसते. वेचणारा प्रोग्रामही एकच आकार शोधतो: काही अक्षरे, मग @ हे चिन्ह, मग काही अक्षरे, मग टिंब, मग पुन्हा दोन-चार अक्षरे. ‘सेल्स@उदाहरण.कॉम’ या आकारात बसते, म्हणून उचलले जाते.

आणखी एक गोष्ट त्याचे काम सोपे करते. पत्त्यावर क्लिक केले की मेलची खिडकी उघडावी म्हणून वेबसाइट बनवणारा पानाच्या मूळ कोडमध्ये ‘मेलटू’ हा शब्द आणि त्यापुढे पत्ता लिहितो. ‘मेलटू’ दिसला की पुढे पत्ता आहेच, हे प्रोग्रामला ठाऊक असते. स्क्रीनवर तुम्ही नुसते ‘आम्हाला लिहा’ असे बटण ठेवले असेल, तरी कोडमध्ये पत्ता उघडा असतो. आपली साइट तपासायची असेल तर ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडा आणि त्यात @ शोधा. जेवढे सापडतील तेवढे वेचणाऱ्याला दिसतात. साइटवर ठेवलेल्या पीडीएफ ब्रोशरमधला मजकूरही असाच वाचला जातो, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

२. पत्त्यांची यादी ही जुनी दुखरी जागा

ईमेल पत्त्यात @ हे चिन्ह 1971 मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने आणले. सात वर्षांतच, 3 मे 1978 रोजी, गॅरी थर्क या संगणकविक्रेत्याने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या नव्या यंत्रांची जाहिरात अर्पानेट या तेव्हाच्या जाळ्यावरील सुमारे चारशे लोकांना एकदम पाठवली. पहिला स्पॅम म्हणून तिचाच उल्लेख होतो. पत्ते कुठून आले? अर्पानेट वापरणाऱ्यांची छापील निर्देशिका होती. तिच्यातून ते हाताने टाइप केले गेले.

म्हणजे इंटरनेटवर पाने यायच्या कितीतरी आधी, लोकांच्या सोयीसाठी छापलेल्या यादीतूनच हा त्रास सुरू झाला. आज ती यादी हाताने टाइप करावी लागत नाही, एवढाच फरक पडला.

2003 मध्ये वॉशिंग्टनच्या सेंटर फॉर डेमोक्रसी अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने शेकडो नवे पत्ते तयार करून वेगवेगळ्या ठिकाणी वापरून पाहिले. आलेल्या स्पॅमपैकी बहुतेक सगळा सार्वजनिक वेबपानांवर उघडे लिहिलेल्या पत्त्यांवर आला होता. @ ऐवजी शब्द लिहून ठेवलेले पत्ते मात्र सुटले. वेचणारा अक्षरे वाचत नाही, आकार शोधतो, याचा हा ढळढळीत पुरावा होता.

३. कचऱ्याची खरी किंमत

“डिलीट करायला किती वेळ लागतो?” असे कोणी म्हणेल. हिशेब मांडू. समजा, दिवसाला 80 नको ते मेल येतात आणि एकेक पाहून काढायला सहा सेकंद लागतात. रोजची आठ मिनिटे झाली. वर्षाचे 300 कामाचे दिवस धरले तर 40 तास, म्हणजे आठ तासांच्या पाच पूर्ण शिफ्ट. चार माणसांच्या ऑफिसात हे थोडे नाही.

पण माझ्या मते याहून महाग पडतात त्या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत. पहिली म्हणजे हरवलेली एन्क्वायरी. कचरा वाढला की फिल्टर कडक करावा लागतो, आणि मग अनोळखी परदेशी पत्त्यावरून आलेला, ड्रॉइंग जोडलेला खरा मेलही स्पॅमच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. तो आला होता हे कोणाला कळतही नाही.

दुसरी म्हणजे कचऱ्याच्या आडून येणारा घातक मेल. आपल्या पट्ट्यात तो जाहिरातीच्या रूपात येत नाही. तो ‘परचेस ऑर्डर’, ‘आरएफक्यू’, ‘पेमेंट अॅडव्हाइस’ अशा नावाने येतो आणि सोबत झिप फाइल असते. ती उघडली की की-बोर्डवर काय टाइप होते ते टिपणारा प्रोग्राम संगणकात बसतो. एजंट टेस्ला नावाचा असा प्रोग्राम 2014 पासून जगभर अशाच खोट्या ऑर्डरींमधून पसरवला गेला आहे. दिवसभर ऑर्डरचीच वाट पाहणाऱ्या माणसाला ‘ऑर्डर’ या नावाची फाइल उघडू नकोस असे सांगणे किती अवघड आहे, हे शेडमध्ये काम केलेल्याला समजावून सांगायला नको.

४. पत्ता झाकायच्या रीती

सिल्वान म्यूलेमान या वेबतंत्रज्ञाने एकाच पानावर नऊ वेगवेगळ्या रीतींनी नऊ पत्ते ठेवले आणि दीड वर्ष वाट पाहिली. निकाल 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. काहीही न झाकता ठेवलेल्या पत्त्यावर 21 मेगाबाइट स्पॅम आला. बाकीच्या रीती समजून घेताना याच आकड्याशी ताडून पाहू.

सगळ्यात हलकी रीत म्हणजे @ ऐवजी त्याचा सांकेतिक आकडा लिहिणे. कोडमध्ये @ असे लिहिले की ब्राउझर वाचकाला @ दाखवतो, पण कोडमध्ये ते चिन्ह नसते. या पत्त्यावर 1.6 मेगाबाइट कचरा आला. एवढ्याशा बदलाने नव्वद टक्क्यांहून अधिक घट झाली. मात्र हा आकडा उलगडणे प्रोग्रामला सोपे असते, म्हणून केवळ यावर विसंबू नये.

दुसरी रीत सगळ्यांच्या पाहण्यातली आहे: @ च्या जागी ‘अॅट’ आणि टिंबाच्या जागी ‘डॉट’ हे शब्द, बहुधा चौकोनी कंसात. केंद्र आणि राज्य सरकारच्या अनेक संकेतस्थळांवर अधिकाऱ्यांचे पत्ते असेच लिहिलेले असतात. प्रयोगात या पत्त्यावर फक्त 0.084 मेगाबाइट आला. पण इथे वाचकाला काम लागते. त्याला पत्ता कॉपी करून हाताने दुरुस्त करावा लागतो. सरकारी कचेरीला लिहिणारा ते करेल, कारण त्याला दुसरी कचेरी नसते. तुमच्या वेबसाइटवर आलेल्या परचेस ऑफिसरच्या शेजारच्या टॅबमध्ये मात्र दुसरा पुरवठादार उघडलेला असतो.

तिसरी रीत मला लघुउद्योगासाठी सर्वांत योग्य वाटते. कोडमध्ये पत्ता अखंड ठेवायचाच नाही. ‘सेल्स’ हा तुकडा एकीकडे, ‘उदाहरण.कॉम’ हा दुसरीकडे, आणि पान उघडल्यावर वाचकाच्या ब्राउझरने जावास्क्रिप्टच्या दोन ओळींनी ते जोडायचे. माणसाला पूर्ण, क्लिक करता येणारा पत्ता दिसतो. नुसता कोड चाळत जाणाऱ्या प्रोग्रामला तुकडे दिसतात. अक्षरे सांकेतिक रीतीने बदलून ठेवली आणि ब्राउझरने ती उलगडली, तर आणखी चांगले. म्यूलेमानच्या प्रयोगात अशा बदललेल्या अक्षरांच्या पत्त्यावर एकही स्पॅम आला नव्हता. तुमची साइट क्लाउडफ्लेअर या सेवेमागे असेल तर हे काम तिथली एक सेटिंग आपोआप करते. ती चालू आहे ना, हे वेबसाइटवाल्याला विचारा.

पत्त्याचे चित्र करून लावणे ही रीत मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. चित्रातला पत्ता कॉपी होत नाही, मोबाइलवर बारीक दिसतो, टाइप करताना एक अक्षर चुकले की मेल हरवतो. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतात, त्यांना तर तिथे काहीच सापडत नाही. आणि चित्रातली अक्षरे ओळखणारे प्रोग्राम आता सर्रास मिळतात.

यातली कोणतीही रीत कायमची नाही. पूर्ण ब्राउझर चालवून पान पाहणारे वेचणारे आहेत, आणि ‘अॅट’ म्हणजे @ हे ओळखणारी भाषिक सॉफ्टवेअरही आली आहेत. पण घाऊक वेचणाऱ्याचा धंदा स्वस्ताईवर चालतो. लाखो पाने उघडी असताना एका पानासाठी जास्त वेळ आणि जास्त संगणक खर्च करणे त्याला परवडत नाही, म्हणून थोडासा अडथळाही उपयोगी पडतो. ज्याने तुमचीच कंपनी हेरली आहे तो मात्र पत्ता मिळवतोच. त्याच्यासाठी पुढे सहावा भाग आहे.

५. मग फॉर्मच का नको?

‘संपर्क’ पानावर फॉर्म ठेवला की पत्ता दाखवावाच लागत नाही, हे खरे आहे. फॉर्म जरूर ठेवा, पण एकटा ठेवू नका. परचेस ऑफिसरला ड्रॉइंग पाठवायचे असते, चार सहकाऱ्यांना प्रत द्यायची असते, आणि पाठवलेल्या मेलची नोंद स्वतःच्या मेलबॉक्समध्ये हवी असते. फॉर्म यातले बहुतेक काही देत नाही.

शिवाय फॉर्म भरणारे प्रोग्रामही आहेतच. त्यांच्यासाठी एक साधी युक्ती चालते. फॉर्ममध्ये एक जास्तीचा रकाना ठेवायचा आणि तो माणसाच्या नजरेपासून लपवायचा. माणूस तो भरत नाही. प्रोग्राम दिसेल तो रकाना भरतो. लपवलेला रकाना भरून आला की तो मेल टाकून द्यायचा. भेट देणाऱ्याला वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावण्यापेक्षा हे पाहुण्याला मान देणारे आहे.

जुन्या साइटींमध्ये एक दोष अजून आढळतो. फॉर्म कोणत्या पत्त्यावर पाठवायचा, तो पत्ता फॉर्मच्याच कोडमध्ये लपवलेल्या रकान्यात लिहिलेला असतो. स्क्रीनवर काही दिसत नाही, आणि वेचणाऱ्याला सगळे मिळते. सोर्समध्ये @ शोधताना हेही सापडेल.

६. कोणता पत्ता लावायचा?

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि यासाठी तंत्रज्ञान फारसे लागत नाही.

समजा, भोसरीत चाळीस कामगारांचे एक टर्निंग शॉप आहे. वेबसाइटवर मालकाचा स्वतःच्या नावाचा पत्ता, परचेसचा पत्ता आणि अकाउंट्सच्या मॅडमचा पत्ता, असे तिन्ही नाव-पदासकट दिलेले आहेत. हेतू चांगला आहे, गिऱ्हाइकाला हवा तो माणूस मिळावा. पण वाईट हेतूने पाहणाऱ्याला यातून कळते की पैसे कोण पाठवते आणि कोणाच्या सांगण्यावरून पाठवते. मग मालकाच्या नावाने अकाउंट्सला मेल येतो: “मी मीटिंगमध्ये आहे, या खात्यावर तातडीने रक्कम भरा.”

निर्यातदारांच्या बाबतीत प्रकार आणखी सावकाश चालतो. आधी खोट्या लॉगिन पानावर पासवर्ड मिळवला जातो. मग कित्येक आठवडे नुसते वाचन होते: कोणते कन्साइनमेंट कधी निघणार, इनव्हॉइस कधी जाणार. नेमक्या वेळी परदेशी गिऱ्हाइकाला ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा मेल जातो, तोही जवळजवळ हुबेहूब पत्त्यावरून. इंग्रजीतले लहान लिपीचे आर आणि एन शेजारी लिहिले की ते एमसारखे दिसतात, आणि तेवढ्या फरकाने नवे डोमेन घेता येते. माल इथून गेलेला असतो आणि पैसे भलत्याच खात्यात. अमेरिकेच्या एफबीआयकडे 2023 या एका वर्षात अशा व्यावसायिक ईमेल फसवणुकीतून झालेल्या 2.9 अब्ज डॉलर्सच्या नुकसानीच्या तक्रारी आल्या.

म्हणून वेबसाइटवर कामाचा पत्ता द्यावा, माणसाचा नाही. ‘सेल्स’ या नावाचा एक, भरती करत असाल तर अर्जांसाठी एक. तो मेल कोणाच्या मेलबॉक्समध्ये जाईल हे आत ठरवता येते, आणि माणूस बदलला तरी पत्ता टिकतो. अकाउंट्सचा, बँकेशी जोडलेला आणि जीएसटीच्या लॉगिनचा पत्ता वेबसाइटवर, ब्रोशरवर, प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये कुठेही देऊ नये. आणि बँक खाते बदलल्याचा मेल कोणाकडूनही आला, तरी आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय रक्कम हलवू नये. परदेशी गिऱ्हाइकालाही हा नियम पहिल्याच कोटेशनमध्ये लिहून कळवावा. तरीही पैसे गेलेच, तर 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तत्काळ फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

याला एक पुरवणी जोडता येते. वेबसाइटसाठी एक उपपत्ता, बी-टू-बी पोर्टलसाठी दुसरा, प्रदर्शनासाठी तिसरा, असे ठेवा. सगळे मेल एकाच ठिकाणी येतील, पण कचरा कोणत्या पत्त्यावर वाढतो ते पाहून तो कुठून फुटला हे कळेल, आणि तेवढाच बंद करता येईल.

प्रसिद्ध झालेला पत्ता ‘पाठवणारा’ म्हणूनही खोटा वापरला जातो. ते रोखायला डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन नोंदी करतात. पहिली सांगते की आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, दुसरी प्रत्येक मेलवर तपासता येणारी सही करते, आणि या कसोट्यांत न उतरलेल्या मेलचे काय करायचे ते तिसरी सांगते. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांकडे या तिन्हींचा आग्रह धरतात. लहान कंपनीनेही त्या करून घ्याव्यात. तुमचे कोटेशन गिऱ्हाइकाच्या इनबॉक्समध्ये पडण्याची शक्यताही त्यामुळे वाढते.

७. कायदा काय करतो?

थोडक्यात, फार काही नाही. 2018 चे ट्रायचे नियम नको असलेल्या कॉल आणि एसएमएसपुरते आहेत, ईमेलला ते लागू नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66अ कलमात त्रासदायक किंवा दिशाभूल करणाऱ्या ईमेलचा उल्लेख होता, पण ते कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याला मारक ठरते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. तो निकाल योग्यच होता, पण स्पॅमसाठी त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागू होत नाही, म्हणजे आपणच वेबसाइटवर लावलेला पत्ता त्याच्या कक्षेबाहेर राहतो. ऑस्ट्रेलियाने 2003 च्या स्पॅम कायद्यात पत्ते वेचणाऱ्या सॉफ्टवेअरवरच बंदी घातली. आपल्याकडेही अशी थेट तरतूद व्हायला हवी, आणि उद्योजक संघटनांनी ती मागणी लावून धरावी असे मला मनापासून वाटते.

उलट काही ठिकाणी कायदाच पत्ता द्यायला सांगतो. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 12 व्या कलमानुसार कंपनीच्या लेटरहेडवर आणि बिलांवर ईमेल पत्ता असेल तर छापावा लागतो. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क द्यावा लागतो. अशा जागी देण्यासाठी वेगळा कामाचा पत्ता करून ठेवलेला बरा.

८. पत्ता आधीच फुटला असेल तर

आज झाकला म्हणून कालचा परत येत नाही. याद्या विकल्या जातात, पुन्हापुन्हा विकल्या जातात, आणि साइटच्या जुन्या प्रती इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी राहतात. म्हणून फार कचरा येणाऱ्या पत्त्याला झाकण्यापेक्षा बदलणे बरे. पण घाईने बंद करू नका. तुमचा जुना पत्ता मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडर मास्टरमध्ये, सप्लायर पोर्टलवर, बँकेत, जीएसटीत आणि टूलिंगवाल्याकडे नोंदलेला असतो. आधी यादी करा. पहिल्यांदा ज्या पोर्टलवर शेड्यूल आणि पीओ येतात तिथे नवा पत्ता नोंदवा आणि एक पीओ त्यावर आल्याची खात्री करा. मग बँक आणि कर, मग बाकीचे. जुना पत्ता निदान वर्षभर चालू ठेवा. त्यावर ओळखीच्या गिऱ्हाइकाचा मेल आला की त्याला नव्या पत्त्यावरून उत्तर द्या, आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यात त्यावर कोणकोण लिहीत होते ते एकदा पाहून मगच तो बंद करा.